पलंग घेण्याआधी जिना मोजा: घरासाठी जुनं-नवं फर्निचर कसं निवडावं

आजोळचा शिसवी पलंग पुण्याच्या फ्लॅटवर आणायचा ठरला तेव्हा आम्ही सगळं मोजलं होतं. खोली, भिंत, खिडकीची उंचीसुद्धा. जिना तेवढा राहिला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पलंगाची डोक्याकडची नक्षीदार फळी अशी अडकली की हमालांनी तिथेच बसकण मारून चहा मागवला. फळी खाली परत गेली आणि पुढचे दोन पावसाळे पार्किंगमध्ये उभी राहिली. म्हणून सुरुवात दुकानापासून नाही, मोजपट्टीपासून.

१. आधी वाट मोजा, मग जागा

लिफ्टचं दार, लिफ्टची आतली तिरकी लांबी, जिन्याचं वळण, मुख्य दार, खोलीचं दार. ही पाच मापं फोनमध्ये लिहून ठेवा आणि तो फोन घेऊनच बाजारात जा. जुना पलंग असेल तर तो सुटा होतो का, हे विचारा. बाजूच्या पट्ट्या बहुतेक निघतात, डोक्याकडची फळी मात्र अखंडच असते.

मग घरात वर्तमानपत्रं जोडून त्या वस्तूच्या आकाराचा कागद जमिनीवर पसरा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून वावरा. ये-जा करायला अडीच फूट तरी मोकळे हवेत. कपाटाचं दार आणि टेबलाचे खण उघडल्यावर किती पुढे येतात, तेही मोजा. जुन्या पलंगाला आजची तयार गादी क्वचितच बसते. गादी बेतून शिवावी लागेल, तो खर्च पलंगाच्या किमतीतच धरा.

२. शब्दांना फसू नका

बाजारात धूळ बसलेलं सगळंच ‘अँटिक’ असतं. साधारण संकेत असा: शंभर वर्षांवरचं ते अँटिक, त्याहून अलीकडचं पण आपल्या काळाचा ठसा असलेलं ते व्हिंटेज. १९ व्या शतकात मुंबईत शिसवी लाकडावर दाट नक्षी कोरून घडवलेलं फर्निचर जगभर ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणून ओळखलं जातं. ते अँटिक. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको (गोल कोपरे आणि भौमितिक रेषांच्या शैलीतल्या) इमारती उभ्या राहत होत्या, त्या काळातली गोल कडांची कपाटं आणि ड्रेसिंग टेबलं ती व्हिंटेज. आणि तुमच्या मामांकडचं लोखंडी कपाटही. गोदरेज १९२३ पासून पोलादी कपाटं बनवते आहे. ते कपाट भंगारात देण्याआधी तळाचा पत्रा गंजलाय का बघा. नसेल तर घासून नवा रंग द्या, आणखी एक पिढी जाईल.

‘मॉडर्न’ची तर गंमतच आहे. इराणी हॉटेलातली ती गोल पाठीची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची आपल्याला जुनी वाटते. त्या घराण्यातली सगळ्यात गाजलेली खुर्ची मिखाएल थोनेट या जर्मन-ऑस्ट्रियन सुताराने १८५९ मध्ये बनवली: वाफेवर वाकवलेलं लाकूड, सुटे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. खोक्यात सुटी पाठवायची, पोचली की जोडायची. आज ऑनलाइन मागवतो त्या टेबलाची पणजीच ती.

३. काय जुनं, काय नवं

माझा नियम सोपा आहे: ज्यात वस्तू राहतात ते जुनं चालेल, ज्यावर अंग टेकतं ते नवं घ्यावं. कपाट, पेटी, पुस्तकांची मांडणी, लिहायचं टेबल, आरशाची चौकट यात जुनं लाकूड नव्याला सहज हरवतं. गादी, सोफा आणि दिवसभर बसायची कामाची खुर्ची इथे मात्र जुन्याचा हट्ट नको. जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा आणि काथ्या बदलेपर्यंत नव्या सोफ्याचे पैसे होतात. अपवाद आरामखुर्चीचा. लांब हातांची ती खुर्ची ज्याने घडवली, त्याला माणसाच्या पाठीबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

नवं घेताना लाकूड कुठलं, एवढंच विचारून थांबू नका. प्लाय असेल तर त्यावरचा आयएस, म्हणजे भारतीय मानकाचा, क्रमांक बघा. ७१० हा पाण्याला टिकणारा प्लाय, स्वयंपाकघरात तोच घ्यावा. ३०३ कोरड्या खोलीत ठीक. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, पाणी पिऊन फुगला की परत बसत नाही. कोकणात आणि मुंबईत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी त्याचा विचार सोडूनच द्यावा.

४. जुनी वस्तू तपासायची कशी

पुढून बघू नका. पुढची बाजू विकणाऱ्याने तुमच्यासाठी तयार केलेली असते. खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा. मागची फळी, खणाचा तळ, पायांच्या आतल्या बाजू, खरी गोष्ट तिथे असते. हाताने रंधा मारलेली फळी बोटांना किंचित लाटांची लागते. खणाच्या कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले दाते, ज्यांना सुतार डवटेल म्हणतात, ते सगळे अगदी एकसारखे असतील तर ते यंत्राचं काम. थोडे लहानमोठे असतील तर हाताचं. स्क्रूच्या डोक्यावर अधिक (+) चिन्हासारखी खाच दिसली तर लक्षात ठेवा, असे स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. एखादा स्क्रू दुरुस्तीत बदललेला असू शकतो, पण दीडशे वर्षांच्या म्हणवणाऱ्या कपाटात सगळेच तसे असतील तर नमस्कार करून निघा.

झीज कुठे आहे तेही बघा. खऱ्या वापराची झीज हात लागतो तिथे असते: खणाच्या मुठीभोवती, खुर्चीच्या हातांच्या टोकाला, पायांच्या खालच्या आडपट्टीवर. सगळीकडे सारखे ओरखडे असतील तर ते कानशीने आणि साखळीने मारलेले आहेत. जोधपूरहून नवं ‘जुनं’ फर्निचर भरपूर येतं. त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत नव्याची द्या.

शिसवी आणि शीशम यांतही गल्लत होते. दोन्ही झाडं एकाच कुळातली, पण वेगळी. शिसवी लाकूड जड, काळपट जांभळी झाक असलेलं. आंब्याच्या लाकडाला गडद रंग मारून ‘रोजवूड’, म्हणजे शिसवी, म्हणून विकतात, तेव्हा न दिसणाऱ्या ठिकाणी नखाने किंचित खरवडलं की खालचं फिकट लाकूड बोलतं.

कीड मात्र टाळायचीच. बारीक भोकं जुनी आणि काळवंडलेली असतील तर बहुधा धोका सरला. भोकांखाली ताजा, फिकट, पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड अजून आत आहे. वस्तूवर थापटी मारा, खाली काळा कागद धरा. वाळवी असेल तर लाकूड पोकळ वाजतं आणि मागे मातीच्या नळ्या दिसतात. अशी वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये.

पॉलिश ओळखायला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून खालच्या बाजूला टेकवा. चिकट झालं तर ते चपडा लाखेचं पॉलिश, म्हणजे चरे बुजवून पुन्हा चढवता येतं. काहीच झालं नाही तर वर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) अशा रासायनिक लेपाचा थर आहे, तो आधी सगळा काढावा लागेल.

५. कुठे जावं, कसं मांडावं

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. पहिल्या फेरीत काहीही घेऊ नका. वाहतूक, सुतार, पॉलिश आणि वेत विणायचा खर्च विचारून या, मग घासाघीस करा. परदेशात राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. आजीची कोरीव पेटी जहाजावर चढवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागू शकतो.

घरात एका खोलीत एकच मोठी जुनी वस्तू पुरते. तिच्याभोवती मोकळी भिंत ठेवा आणि बाकीचं साधं, हलकं, बिननक्षीचं. लाकडाचे रंग जुळवायच्या नादी लागू नका. चार खोल्या नक्षीने भरल्या की घराचं संग्रहालय होतं, आणि संग्रहालयात कुणी पाय वर घेऊन बसत नाही.

६. घरी आल्यावर

उन्हाचा थेट झोत आणि एसीचा वारा दोन्हींपासून दूर ठेवा. वेताची बैठक कोरडी पडून तडकते. अधूनमधून खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसली तर टिकते. आणि पहिल्या जुलैत खण अडकला म्हणून लगेच सुताराला बोलावू नका. लाकूड दमटपणाने फुगलेलं असतं. आत्ता रंधा मारला तर मार्चमध्ये तोच खण खुळखुळेल. खणाच्या सरकपट्टीवर मेणबत्ती घासा आणि दिवाळीपर्यंत थांबा.