चाकणला निघण्याआधी: जुन्या सेंटओएसच्या मिररची तयारी

प्लांटवरच्या इंटरनेट नसलेल्या जुन्या सेंटओएस (लिनक्सचा एक प्रकार) मशीनसाठी पॅकेजेसची पूर्ण प्रत, म्हणजे मिरर, डिस्कवर न्यायची आहे. सुरुवात डाउनलोडपासून करू नका. आधी प्लांटवरच्या प्रत्येक मशीनची माहिती मागवा: ‘/etc/सेंटओएस-रिलीज’ फाइलमध्ये काय लिहिलंय, ‘यूनेम -आर’ कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) कोणती आवृत्ती दाखवतं आणि बसवलेल्या पॅकेजेसची ‘आरपीएम -क्यूए’ने मिळणारी पूर्ण यादी. नुसतं ‘सेंटओएस ७ आहे’ एवढ्यावर भागत नाही. ७.६.१८१० वरचा कर्नल ३.१०.०-९५७ आणि ७.९.२००९ वरचा ३.१०.०-११६०. मशीन बनवणाऱ्याचा ड्रायव्हर ९५७ साठी बांधलेला असेल तर तिथे ७.९ चा मिरर नेऊन उपयोग नाही, उलट कोणी सवयीने ‘यम अपडेट’ (यम म्हणजे पॅकेजेस बसवणारं साधन) मारलं तर लाइन बंद पडेल. मिरर कोणत्या आवृत्तीचा घ्यायचा हे प्लांटवरचं मशीन ठरवतं, आपल्या ऑफिसातलं नाही.

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे नेहमीच्या मिररलिस्टचा आता उपयोग नाही. पॅकेजेस ‘व्हॉल्ट’ या सेंटओएसच्या जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहावर आहेत, प्रत्येक उपआवृत्तीचं वेगळं फोल्डर. एपेल (फेडोराचा जादा पॅकेजेसचा संच) लागत असेल तर ते फेडोराच्या आर्काइव्हमध्ये मिळतं. रेपोच्या (पॅकेजेसच्या साठ्याच्या) फाइलमध्ये ‘रिलीजव्हर’ हे आवृत्ती आपोआप भरणारं व्हेरिएबल ठेवू नका, ७.६.१८१० असा पत्ता सरळ लिहा. ऑफिसातल्या मशीनवर रॉकी ९ (दुसरं लिनक्स) असेल तर त्या व्हेरिएबलच्या जागी ९ बसतो आणि भलताच पत्ता तयार होतो. ‘ओएस’ आणि ‘अपडेट्स’ दोन्ही घ्या.

आता रीपोसिंकचे (रेपो उतरवून घेणाऱ्या साधनाचे) पर्याय, इथे घाई नको. ‘डाउनलोड-मेटाडेटा’ लावा, म्हणजे पॅकेजेसची सूचीही येते. ‘जीपीजीचेक’ लावा, डिजिटल सही न जुळणारं पॅकेज रीपोसिंक काढून टाकतो. ‘न्यूएस्ट-ओन्ली’ लावू नका: जागा वाचते हे खरं, पण आपल्याला हवा तो जुना कर्नल नेमका त्यातच गळतो. ‘डिलीट’ तर अजिबात नको. मूळ रेपोतून जे हलवलं गेलं ते आपल्याकडूनही पुसलं जातं, आणि जुन्या आवृत्त्या जपायच्या म्हणूनच तर हा खटाटोप आहे.

व्हेंडरने पेन ड्राइव्हवर दिलेले आरपीएम (पॅकेजच्या फाइल) वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यावर क्रिएटरेपो, म्हणजे फोल्डरचा रेपो बनवणारं साधन, चालवा. नवीन क्रिएटरेपो मेटाडेटा झेडस्टॅन्डर्ड या पद्धतीने दाबतो (कॉम्प्रेस करतो) आणि सेंटओएस ७ च्या जुन्या यमला तो वाचता येत नाही, म्हणून जीझिप स्पष्ट सांगावं लागतं.

डिस्क तापकीर गल्लीतून घ्या किंवा कुठूनही, पण बिल घ्या आणि ती एक्सटी४ या प्रकारात फॉरमॅट करून घ्या. एक्सफॅट प्रकारावर हार्डलिंक (एकाच फाइलची दोन नावं, जागा एकदाच) होत नाहीत. तारखेनुसार प्रती ठेवायच्या तर त्या लागतातच, नाहीतर प्रत्येक प्रतीला पूर्ण जागा जाते.

निघण्याआधी रंगीत तालीम. ७.६ चं व्हर्च्युअल मशीन उभं करा, त्याचं नेटवर्क तोडा, आधीच्या सगळ्या रेपो ‘एनेबल्ड=०’ करा आणि फक्त आपला मिरर चालू ठेवा. ही पायरी सुटली की यम बाहेरचा पत्ता शोधत बसतो आणि ‘कॅनॉट फाइंड अ व्हॅलिड बेसयूआरएल’ म्हणून थांबतो; माणसाला वाटतं, डिस्कच बिघडली. मग ‘यम क्लीन ऑल’ करून लागणारी पॅकेजेस खरोखर इन्स्टॉल करून बघा. रेपोलिस्टमध्ये आकडा दिसला एवढ्यावर समाधान मानू नका. कर्नलवर व्हर्जनलॉक (आवृत्ती बदलू न देणारं कुलूप) लावलाय का, हेही इथेच तपासा.

प्लांटच्या मंडळींना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा: मिररमुळे पॅकेज बसतं, सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. म्हणून ही मशीन्स ऑफिसच्या नेटवर्कला जोडायची नाहीत, आणि हे मेलवर लेखी घ्या. काम शक्यतो त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, बहुतेक ठिकाणी गुरुवारी, ठरवा. गेट पासमध्ये डिस्कचा सीरियल नंबर आदल्या दिवशीच टाकून ठेवा, आणि दुसरी डिस्क नेत असाल तर तिचाही.