जुन्या पूरनियंत्रण धरणाखालील शेती: पावसाळ्यापूर्वीचा सल्ला

पूर अडवण्यासाठी बांधलेले धरण पावसाळ्याच्या तोंडावर रिकामे दिसत असेल तर ती त्याची उणीव नव्हे. मुसळधार पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवून नदीपात्राला झेपेल एवढेच खाली सोडता यावे, यासाठीच ती जागा राखलेली असते; म्हणून सिंचनाकरिता ते आधीच भरून ठेवण्याचा आग्रह खालच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी धरू नये. धरण जुने होते तसा गाळ या जागेवर चढत जातो आणि पूर्वी ज्या पावसात सांडवा (धरणातील जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) कोरडा राहत असे, त्याच पावसात तो वाहू लागतो. अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यापासून शेतीच्या रक्षणासाठी बांधलेल्या हजारो लहान मातीच्या धरणांपैकी बरीचशी ५० वर्षांचे आयुष्य गृहीत धरून आखलेली होती, आणि त्यांतील अनेकांची ती मुदत उलटून गेली आहे.

धरणामुळे पुराची उंची कमी होते, पण अडवलेले पाणी सावकाश सुटत असल्याने नदीकाठच्या सखल शेतातील पाणी अधिक दिवस रेंगाळू शकते. पिकाचे नुकसान बहुधा या रेंगाळण्यानेच होते. अशा जमिनीत तूर घेणे जोखमीचे आहे. भात तुलनेने तग धरतो. शेतातील चर पेरणीपूर्वीच मोकळे करावेत, आणि मोठा विसर्ग अपेक्षित असताना नत्र खताचा हप्ता देऊ नये.

मातीच्या भरावावरील झाडे, घुशींची बिळे, खचलेला माथा आणि निसटलेले दगडी अस्तर या खुणा धरणाजवळ शेती करणाऱ्यांना अधिकाऱ्यांच्याही आधी दिसतात. पायथ्याशी थोडा स्वच्छ पाझर असणे नेहमीचे आहे; मात्र तो वाढू लागला, गढूळ झाला किंवा त्यातून बारीक माती बाहेर येऊ लागली, तर भराव आतून पोखरला जात आहे असे समजून त्याच क्षणी धरणाच्या यंत्रणेला कळवावे. झाड उपटणे किंवा बीळ बुजवणे असे उपाय परस्पर करू नयेत, कारण मुळे निघाल्यावर उरलेल्या पोकळीतूनही पाणी वाट काढते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते आणीबाणीच्या, म्हणजे फार मोठ्या पुरातच वाहणाऱ्या सांडव्याकडे. तो वर्षानुवर्षे कोरडा असल्यामुळे पडीक जमीन समजून काही जण तेथे नांगरट करतात, कुंपण घालतात किंवा कडब्याच्या गंजी रचतात. हे धोकादायक आहे, कारण तेथील गवताचे आच्छादन हेच मातीचे संरक्षण असते. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील ऑरोव्हिल धरणाची भिंत शाबूत असतानाही मुख्य सांडव्याचे काँक्रीट उखडले, आणीबाणीच्या सांडव्याखालील जमीन खरवडली जाऊ लागली आणि १ लाख ८० हजारांहून अधिक लोकांना हलवावे लागले. शेतजमिनीच्या रक्षणासाठी बांधलेल्या धरणाखाली पुढे वस्ती वाढली, तर धरण तेच राहूनही त्याची जोखीम वाढते. नदीकाठी गोठा किंवा मजुरांची घरे बांधण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

मोटार आणि स्टार्टर पूररेषेच्या वर बसवावेत. बियाणे, खते व कीटकनाशके उंचावर ठेवावीत. जनावरे कोणत्या वाटेने न्यायची हे दिवसाउजेडी चालून पाहावे, कारण विसर्गाची सूचना रात्रीही येऊ शकते. पूर ओसरल्यावर ओली मोटार तपासणीशिवाय सुरू करू नये, आणि वाफसा येईपर्यंत शेतात यंत्रे घालू नयेत.