इन्हिबिटरी न्यूरॉन म्हणजे नुसता ब्रेक नव्हे, या चुका टाळा

गेल्या पावसात चिपळूणला माझ्याकडे प्रोजेक्टसाठी येणाऱ्या एका मुलीनं लॅपटॉप पुढं केला, स्क्रीनवर 1000 न्यूरॉनचा रास्टर प्लॉट, म्हणजे कुठला न्यूरॉन कधी फायर झाला ते टिंबांनी दाखवणारा आलेख, आणि तो नुसता काळा, टिंबाला टिंब चिकटलेलं. "सर, मी जसंच्या तसं टाइप केलंय हो." न्यूरॉनच्या जाळ्याचं कॉम्प्युटरवर चालणारं इझिकेविचचं 2003 चं मॉडेल, 800 एक्सायटेटरी (दुसऱ्यांना चेतवणारे) आणि 200 इन्हिबिटरी (दाबणारे). ओळन् ओळ बघितली तर इन्हिबिटरी वेटच्या, म्हणजे जोडणीच्या जोराच्या, आधीचं वजाचं चिन्हच राहिलेलं! म्हणजे जे 200 जण बाकीच्यांना गप्प करणार तेच आरडाओरडा करत होते. चिन्ह टाकलं आणि प्लॉटमध्ये लगेच फटी पडल्या, पट्टे दिसायला लागले. प्लॉट काळा आला की आधी चिन्ह बघा, मग वेटच्या मॅट्रिक्समध्ये रो आणि कॉलमची अदलाबदल झाली नाहीये ना ते बघा, नॉइज नंतर.

पण खरी चूक डोक्यात असते, इन्हिबिशन म्हणजे ब्रेक ही. आमच्याकडे भजनात पखवाज ऐकलात तर खुली थाप घुमत राहते आणि बंद थापेला हात तिथंच दाबून ठेवतात, ताल या दोन्हींतून उभा राहतो, सगळ्याच थापा खुल्या ठेवल्या तर नुसता गोंगाट. बास्केट सेल हे इन्हिबिटरी न्यूरॉन असंच काम करतात, पिरॅमिडल, म्हणजे कॉर्टेक्समधल्या मुख्य एक्सायटेटरी, न्यूरॉनच्या धडावरच बसतात आणि एक्सायटेशन आल्यावर काही मिलिसेकंदांत दाबतात, त्यामुळे स्पाइक (विजेचा ठोका) मारायला छोटीशीच खिडकी उरते आणि हजारो न्यूरॉन एका लयीत येतात. 30 ते 80 हर्ट्झच्या गॅमा लयीत यांचा मोठा हात. सोमॅटोस्टॅटिन नावाचं रसायन बनवणारे इन्हिबिटरी सेल दूर डेन्ड्राइटवर, म्हणजे इनपुट घेणाऱ्या फांद्यांवर, जाऊन येणारा इनपुटच कमी करतात. आणि व्हीआयपी सेल, म्हणजे व्हीआयपी नावाचं पेप्टाइड बनवणारे? ते मुख्यतः या सोमॅटोस्टॅटिनवाल्यांनाच गप्प करतात, म्हणजे स्वतः इन्हिबिटरी असून आजूबाजूची ॲक्टिव्हिटी वाढवतात. मला हा भाग फार आवडतो, आणि मुलं नेमका हाच सोडून देतात.

अजून एक, इथं तर भलेभले चकतात. इन्हिबिटरी सेलना बाहेरून जास्त इनपुट दिला आणि त्यांचंच फायरिंग कमी झालं, की लोक कोड बिघडला म्हणून सगळं पुसून टाकतात. थांबा जरा! नेटवर्कमध्ये एक्सायटेटरी सेल एकमेकांना जोरात ढकलत असतील तर या जास्तीच्या दाबानं त्यांचं फायरिंग पडतं, मग इन्हिबिटरी सेलना त्यांच्याकडून मिळणारा इनपुटही आटतो, आणि शेवटी दोघंही आधीपेक्षा खाली येऊन टेकतात. त्सोदिक्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्येच हे दाखवलंय, त्यामुळे हा बग नसू शकतो.

गाबा, म्हणजे इन्हिबिटरी सेल सोडतात ते रसायन, नेहमी व्होल्टेज खालीच खेचतो असंही नाही, क्लोराइडचं रिव्हर्सल व्होल्टेज (जिथं क्लोराइडचा प्रवाह थांबतो ते) सेलच्या रेस्टिंग, म्हणजे शांत असतानाच्या, व्होल्टेजच्या आसपास असलं की व्होल्टेज जवळपास हलत नाही, चॅनेल उघडल्यामुळे इतर इनपुट मात्र फिके पडतात. नुसता वजा करंट टाकला तर हे दिसणार नाही, कंडक्टन्स, म्हणजे चॅनेल किती उघडलाय ते, घ्यावा लागतो.

आणि उंदराचे आकडे माणसाला चिकटवू नका. प्रायमरी मोटर कॉर्टेक्समध्ये (हालचाली चालवणारा मेंदूचा भाग) एक्सायटेटरी आणि इन्हिबिटरी सेलचं प्रमाण उंदरात साधारण 5 ला 1, माणसात साधारण 2 ला 1. त्या मुलीनं 667 आणि 333 करून बघितलं, वेट मात्र तेच ठेवले, तर एक्सायटेटरी बाजू पार थंडावली. संख्या बदलली की वेट परत बसवायचे, मग संध्याकाळभर आम्ही तेच करत बसलो, मधे दोनदा लाइट गेली.