हेडमध्ये तुटलेला स्पार्क प्लग कसा काढावा

पाना फिरवताना प्लगचा षटकोनी भाग हातात आला आणि आटे हेडमध्येच (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) राहिले, तर आधी थांबा. किक किंवा सेल्फ अजिबात मारू नका. सिरॅमिकचा बारीक तुकडा आत पडला असेल, तर पिस्टन हलताच बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) ओरखडे उमटतील. प्लग स्वस्त असतो, हेड आणि बोअर महाग.

इथे १०० सीसीच्या मोटारसायकलीतला १० मिमी आट्यांचा प्लग धरला आहे.

इंजिन थंड होऊ द्या, पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लगभोवतीची धूळ-माती ब्रशने आणि हवेने काढा. मग आट्यांच्या कडेला गंज सोडवणारे तेल मारा, डब्ल्यूडी-४० चालेल. रात्रभर मुरू द्या. घाई करणाऱ्यांचे आटे इथेच जातात, कारण हेड ॲल्युमिनियमचे, मऊ.

मधला पांढरा सिरॅमिक दांडा शिल्लक असेल, तर बारीक पक्कडीने वर ओढा. खाली ठोकू नका.

आता उरलेल्या पोकळ नळीत इझी आउट (तुटलेल्या तुकड्यात रुतवून तो फिरवून काढायचे हत्यार) बसवायचा. चौकोनी, निमुळता घ्या. पिळाचा इझी आउट पातळ नळीला आतून फुगवतो आणि ती आणखी घट्ट अडकते. टोकाला ग्रीस लावा, म्हणजे कण त्याला चिकटतील. हलक्या हातोडीने दोन-तीन ठोके देऊन बसवा आणि टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) हँडलने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. थोडे उलट, थोडे सुलट, पुन्हा तेल. हलतच नसेल, तर जोर वाढवू नका. इझी आउट कडक पोलादाचा असतो. तो आत मोडला, तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही. अशा वेळी हेड उतरवून लेथवाल्याकडे नेणेच बरे.

नळी निघाली की तिच्या टोकाचा वाकडा इलेक्ट्रोड जागेवर आहे का, ते पाहा. नसेल, तर तो सिलिंडरमध्ये आहे. टॉर्चने आत बघा आणि ग्रीस लावलेल्या काडीने कण उचला. चुंबकाला सिरॅमिक चिकटत नाही, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. शंका उरली, तर हेड उघडा.

आटे १० बाय १ मिमीच्या टॅपने हलकेच साफ करा, टॅपलाही ग्रीस लावून. आटे गेले असतील, तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा. वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा, टॉर्क रेंच असेल तर १० ते १२ न्यूटन-मीटर.