इपॉक्सीमध्ये नॅनोक्ले कशी मिसळावी
सयाजीराव विद्यापीठात प्रकल्प करणाऱ्या आपल्या मराठी विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, बडोद्याच्या पावसाळी हवेत नॅनोक्ले (अतिसूक्ष्म थरांची चिकणमाती) ओलावा शोषते, म्हणून ती आधी ८० अंश सेल्सिअसला रात्रभर ओव्हनमध्ये सुकवावी. कच्छच्या बेंटोनाइट मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हेच तिचे मूळ खनिज असले, तरी त्याचे सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे थर इपॉक्सी रेझिनमध्ये (हार्डनर घातल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) सुटे व्हावेत यासाठी सेंद्रिय रसायनांची प्रक्रिया केलेली क्लेच घ्यावी. वजनाने २ ते ३ टक्के पुरे. अधिक घातल्यास गुठळ्या होतात आणि तडे तिथूनच सुरू होतात. क्ले रेझिनमध्ये पसरवणारा अल्ट्रासोनिक प्रोब (ध्वनिकंपनांची कांडी) थांबून थांबून चालवावा व मिश्रण तापू नये म्हणून भांडे बर्फात ठेवावे; घाई नडते ती इथेच. बुडबुडे निर्वातात काढल्यावर हार्डनर (रेझिन कडक करणारा घटक) शेवटी हलक्या हाताने मिसळावा.