मासा न लागलेल्या दिवसाची नोंद

होडीतून दिवसभर गळ टाकूनही मासा लागला नाही, तर किनाऱ्याला लागताच भरती-ओहोटीची वेळ, वारा, खोली आणि आमिष यांची नोंद करावी. भरती व ओहोटी यांच्यात साधारण ६ तासांचे अंतर असते आणि पाणी वळताना प्रवाह काही काळ जवळजवळ थांबतो. अशा वेळी मासे बहुधा आमिषाकडे फिरकत नाहीत, म्हणून आपण जागेवर नेमके तेव्हाच पोहोचलो होतो का, हे माझ्या मते सर्वांत आधी पाहावे. वाऱ्याने होडी वेगाने सरकत असेल, तर तंगूस (गळाची दोरी) तिरपा जातो आणि दोरीला वजन म्हणून लावलेले शिसे तळाला टेकत नाही. तेव्हा जागा बदलण्याआधी जड शिसे लावून पाहावे. गळाचे टोक नखावर हलकेच ओढावे. ते न रुतता घसरले, तर गळ बदलावा.