'रेपूब्लिका'च्या तिकिटावर भाळताना या चुका टाळा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी एकदा 'रेपूब्लिका' (पोर्तुगीजमध्ये 'प्रजासत्ताक') असा छाप मारलेलं जुनं पोर्तुगीज टपाल तिकीट घेतलं. राजाच्या चेहऱ्यावर आडवा छाप, मागे काचेसारखा चकचकीत डिंक. मी त्या डिंकाचेच जास्त पैसे मोजले. घरी भिंगाखाली धरलं, तर कडेच्या दात्यांची टोकं बोटाला टोचत होती. पूर्वी कागदाला आधी डिंक लावत आणि मग भोकं पाडत. त्यामुळे दात्याच्या टोकाचे तंतू मऊ, मोकळे राहतात. नंतर डिंक चोपडला की तो तंतूंत शिरतो आणि टोक कडक होतं. माझ्या तिकिटाचं तेच झालं होतं.

खरं तर संशय आधीच यायला हवा होता. गोव्याचे चार महिने पावसाचे. इथे शंभर वर्षांच्या डिंकावर एकही तडा नाही, पिवळट डाग नाही? शिवाय पोर्तुगीज वसाहतींची कितीतरी तिकिटं मुळातच बिनडिंकाची निघाली. कॅटलॉगमध्ये तशी नोंद असेल, तर मागचा डिंक ही कुणाची तरी कारागिरी.

आता छाप. 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि राजाच्या तिकिटांवर प्रजासत्ताकाचा छाप मारला गेला. कधी मूळ तिकीट स्वस्त असतं आणि छापामुळे भाव येतो. म्हणजे लबाडीला जागा तिथेच. वापरलेलं तिकीट असेल तर टपालाचा शिक्का आणि छाप जिथे एकमेकांना छेदतात तिथे बघा. टपालाचा शिक्का शेवटी बसतो. छापाची शाई त्याच्यावर चढलेली दिसली, तर छाप नंतरचा. दोन्ही काळे असले की मात्र डोळा फसतो, तेव्हा तिरप्या उजेडात तपासा. त्याच छापाचं एखादं स्वस्त, खात्रीचं तिकीट शेजारी ठेवलं, तर अक्षरांची उंची आणि अंतर चटकन जुळवता येतं.

1948 चं गांधीजींचं दहा रुपयांचं 'सर्व्हिस' छापाचं, म्हणजे सरकारी वापराचं तिकीट अवघं 100 नगांत छापलं होतं. तरी कुणी सहज खिशातून काढून दाखवतं! अशा वेळी तज्ज्ञाचं प्रमाणपत्र मागा. "अहो, भाटकाराच्या पेटीतलं आहे" असा जमीनदाराचा हवाला म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

आणि पावसात दोन तिकिटं चिकटली, तर ओढू नका. पाण्यात तर मुळीच बुडवू नका, डिंक गेलाच म्हणून समजा.